चांदीवरची नावं

चमचा हातात आला की चारचौघं तो उताणा धरतात. काका पालथा धरायचे. आधी पाठ बघायची, मग पुढचं. मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, हातात एक जड चमचा दिला, आणि मी पहिला घास तोंडाशी नेते आहे तोच म्हणाले, पालथा कर बघू. मोठ्या माणसांचं ऐकायची सवय वाईट. मी केला पालथा, आणि पोहे माझ्या एकुलत्या एका इस्त्रीच्या पॅन्टवर. त्यांना त्याचं काही नव्हतं. दांड्याच्या पाठीवर तिळाएवढं काहीतरी उमटलेलं होतं, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, डाग दिसतो. त्यांनी मान हलवली आणि खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. माझ्याआधी आलेला मुलगा म्हणे त्या डागाला ‘वाव, ब्यूटिफुल’ म्हणाला होता. त्याला खोली मिळाली नाही.

तो डाग म्हणजे शिरस्त्राण घातलेल्या एका देवीचं डोकं होतं. जुन्या काळी फ्रान्समध्ये चांदी तपासून खरी निघाली की तिच्यावर हे डोकं उमटवायचे. शेजारी चौकटच्या एक्क्यासारखी एक बारीक आकृती आणि तिच्या पोटात कारागिराची अक्षरं. पुढच्या तीन वर्षांत मला हे इतक्यांदा ऐकावं लागलं की ऑफिसच्या कॅफेटेरियात मी स्टीलचे चमचे पालथे करून बघायला लागले. मॅनेजरने एकदा विचारलं, एव्हरीथिंग ओके? मी म्हटलं, चेक करत होते.

काकांचं घर डेव्हन ॲव्हेन्यू या देशी दुकानांच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. वरच्या मजल्यावर मी, मधल्या मजल्यावर कागदोपत्री काका, पण खरे काका तळघरात. तिथे त्यांचं काम चालायचं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच काटे, चमचे, सुऱ्या, डाव. कुणाच्या काट्याचा दात वाकलाय, कुठल्या डावाला पोचा आलाय, सुरीची मूठ सुटलीये, सगळं त्यांच्याकडे यायचं. माणूस मूळचा मिरजेचा. डिप्लोमा करून इथल्या एका कारखान्यात साचे बनवायला आला, कारखाना बंद पडला, तेव्हा एका म्हाताऱ्या फ्रेंच कारागिराच्या हाताखाली लागला, आणि तो गेल्यावर त्याची हत्यारं घेऊन घरी आला. काकू गेल्या तेव्हा मुलगी हायस्कूलात होती. मी राहायला गेले तेव्हा ती लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. एवढीच काकांची माणसं.

काम करताना ते बोलायचे, पण माझ्याशी नाही. मी पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेली असायचे आणि ते चमच्याशी बोलायचे. चांदीची पट्टी दोन पोलादी साच्यांमध्ये ठोकून काटा घडवतात, दाते कापतात, कानशीने कडा मारतात, हे सगळं काम पुरुषांचं. पण शेवटी झळाळी आणायचं काम त्या काळी बायकांकडे असायचं. मुठीत अकीकाचा दगड बसवलेला दांडा धरायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि चांदी घोटत राहायची, दिवसभर. काका भिंग डोळ्याला लावून म्हणायचे, ही बाई दमलीये बघ, इथून पुढे हात हलका पडलाय. मी भिंगातून बघायचे. मला नुसती चांदी दिसायची. मी तसं सांगायचे, आणि ते म्हणायचे, दिसेल.

कधीकधी दिसायचंही. चमच्याचं टोक एका बाजूने जास्त झिजलेलं असतं. उजव्या हाताने खाणाऱ्याची डावी कड झिजते. एका चमच्याची उजवी झिजलेली होती. काका तो चार दिवस खिशात घालून हिंडले. ही डावखुरी, म्हणाले, आणि सूप संपलं तरी ताटली खरवडत बसणारी. घरात बोलणी खाल्ली असतील हिने. त्या बाईबद्दल त्यांना इतकं वाईट वाटत होतं की मी शेवटी चिडवलं, काका, ती मरून शंभर वर्षं झाली, आता कुणी नाही बोलत तिला. आणि याच माणसाला शेजारच्या घरातल्या गोऱ्याचं नाव चौदा वर्षांत माहीत झालं नव्हतं. ‘कुत्रेवाला’ म्हणायचे त्याला. मी म्हटलं, विचारा की एकदा. तर म्हणाले, काय विचारणार, आणि विचारल्यावर पुढे काय बोलणार?

हा त्यांचा खरा घोळ होता. मेलेल्या माणसांशी त्यांचं छान जमायचं. जिवंत माणूस समोर आला की हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळायचं नाही.

मीही एकदा त्यांच्या चांदीला हात लावला आणि तोंडावर आपटले. दिवाळीत त्यांना बरं नव्हतं, तापात पडले होते. म्हटलं आपण काहीतरी मदत करू. ओट्यावर बारा सुऱ्या पडल्या होत्या, त्या मी डिशवॉशरमध्ये लावल्या. आमच्या नागपूरकडच्या पोरींना काम दिसलं की राहवत नाही. तासाभराने दार उघडलं तर आत काळं, चिकट काहीतरी वाहिलेलं आणि घरभर देवळातल्या धुपासारखा वास. त्या सुऱ्यांच्या मुठी पोकळ असतात, पत्र्याची दोन अर्धुकं जोडून केलेल्या, आणि आत राळ भरलेली असते. गरम पाण्याने राळ वितळून बाहेर आली होती. मला रडू फुटलं. काका अंगावर शाल घेऊन आले, बघितलं आणि म्हणाले, बरं झालं, आता आतून बघता येईल. पुढचे दोन महिने त्यांनी एकेक मूठ परत भरली. मला शेजारी बसवलं, पण हात लावू दिला नाही.

हसतमुख माणूस नव्हता तो, पण मला कधी ओरडले नाहीत. ओरडलेले मी एकदाच बघितले. एक दुकानदारीण काट्यांची पेटी घेऊन आली होती. फ्रेंच लोक काटा टेबलावर पालथा मांडतात, म्हणून घराण्याची अक्षरं त्याच्या पाठीवर कोरलेली असतात. तिला ती काढून हवी होती. दुसऱ्याच्या नावाचे काटे गिऱ्हाईक घेत नाही, म्हणाली. काकांनी पेटी बंद करून तिच्या हातात दिली. ती हसून म्हणाली की अहो, दुसरा कुणी करून देईल. तेव्हा ते एकदम मोठ्याने म्हणाले की दे दुसऱ्याला, पण माझ्या टेबलावर नाव खोडलं जात नाही. ती गेली. मग दुसऱ्या कुणीतरी बिघडवलेला एक काटा काढून माझ्या हातात दिला. अंगठा फिरव, म्हणाले. मी फिरवला. दांड्याच्या रुंद टोकाला बारीकसा खळगा लागला. अक्षरं घासून काढली की तिथली चांदी जाते. दिसत नाही, पण बोटाला लागते.

मी विचारलं, खळगा न पडता काढताच येत नाही का? येतं, म्हणाले. मागून आधार देऊन, बाजूची चांदी छोट्या हातोडीने तिळातिळाने सरकवत आणायची आणि वरून घोटायचं. एका काट्याला तीन दिवस. म्हाताऱ्याने शिकवलं होतं. पण करायचं नाही.

का करायचं नाही, हे त्यांनी मला मिरजेतून समजावलं. कॉलेजात असताना ते भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून नावं घालायचे. अमक्यास तमक्यांकडून सप्रेम भेट. तांब्यावर, ताटांवर, पातेल्यांवर. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची. नाव घालायला सगळे यायचे, पण नाव खोडायला त्या दुकानात कधी कुणी आलं नाही. भांडं दुसऱ्याच्या घरी गेलं तर नावासकट जायचं. ते खरंच आहे. आमच्या घरी आजही एका पातेल्यावर तीन घरं सोडून राहणाऱ्या काकूंच्या सासूबाईंचं नाव आहे, आणि आमचं पातेलं कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. काका म्हणायचे, जी बाई जेवली ती जेवली. चांदीने कशाला खोटं बोलायचं?

ते स्वतः मात्र चांदीने कधी जेवायचे नाहीत. स्टीलचं ताट, आमटी-भात, हाताने. मी एकदा छेडलं तर म्हणाले, हे लोकांचे चमचे आहेत.

मुलीच्या लग्नात त्यांनी तिला एक पेटी दिली होती. बारा काटे, बारा चमचे. ते मी बघितले नव्हते, पण त्यांची गोष्ट मला पाठ होती. एकाच नमुन्याचे, दोन बारीक रेघांची कड असलेले, आणि पाठ कोरी. कोऱ्या पाठीचे काटे मिळणं फार अवघड, कारण घेणारा पहिलं काम नाव घालण्याचंच करायचा. अकरा वर्षं त्यांनी एकेक करून जमवले, मेलेल्या माणसांच्या घरचं सामान विकायला काढतात तिथून, लिलावातून, टपालाने. मुलगी बारावीत होती तेव्हापासून. आणि लग्न ठरल्यावर चोवीस पाठींवर त्यांनी दोघांची अक्षरं कोरली. फ्रेंच पद्धतीने एकमेकांत गुंतवलेली, वेलीसारखी वळणं दिलेली, पण अक्षरं देवनागरी. असं काम जगात दुसरीकडे कुठे नसेल, असं ते म्हणायचे, आणि या एका बाबतीत त्यांना स्वतःची तारीफ करायची लाज वाटायची नाही.

मला तिथे राहून दीड वर्ष झालं होतं तेव्हा ती मुलगी एका रविवारी सकाळी पेटी घेऊन आली. घटस्फोट होऊन चार महिने झाले होते. मी चहा टाकला आणि वर जायला निघाले, तर काकांनी डोळ्यांनी थांब म्हटलं. एकटं राहायची भीती वाटत होती त्यांना, स्वतःच्या मुलीबरोबर. तिने पेटी टेबलावर ठेवली आणि इंग्लिशमध्ये, अगदी शांतपणे सांगितलं की हे तेवढं काढून दे.

काका पेटी उघडून काटे बघत बसले. मग त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते ऐकून मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. ते तिला सांगायला लागले की अक्षरं गुंतवलेली आहेत, त्यामुळे एक काढायला गेलं तर दुसरं तुटतं. कारागिराचं उत्तर होतं ते. समोर कोण बसलंय हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. ती म्हणाली, दोन्ही काढ. मग ते म्हणाले की इथे देवनागरी कुणाला कळतंय, लोकांना नक्षीच वाटणार.

ती पहिल्यांदा मराठीत बोलली. "तेवढी दोन अक्षरं मला वाचता येतात, बाबा."

लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत जायला नको म्हणून ही मुलगी गाडीत लपून बसायची, हे मला काकांनीच सांगितलं होतं. त्या वाक्यावर कुणीही विरघळलं असतं. काका म्हणाले, मी नाव खोडत नाही, तुला माहीत आहे. तिने पेटी बंद केली, माझ्याकडे बघून थँक्स फॉर द चाय म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमची मुलगी आहे ती, फ्रान्सची राणी नाही. करून द्या ना गुपचूप. ते म्हणाले, लग्न झालं होतं ना तिचं? मग झालं नव्हतं असं मी कसं करू? मी म्हटलं, ती तुमच्याकडे इतिहास विचारायला नव्हती आली. ते उठून तळघरात गेले. पण पायऱ्यांवर थांबून म्हणाले की विकायचीच असेल तिला, म्हणून काढून हवंय. दुकानदारिणीसारखं. त्यांनी मनाशी तसं ठरवून टाकलं होतं. तेच त्यांना सोयीचं होतं.

त्यानंतर आठ महिने तिचा फोन आला नाही. काका करायचे, ती उचलायची नाही, नंतर मेसेज करायची, बिझी. मग तेही करायचे थांबले. रविवारी सकाळी ते तळघरात जाईनासे झाले. वर खिडकीपाशी बसायचे. एकदा मला विचारलं, तुझ्या फोनला इथे रेंज नीट येते ना? मी म्हटलं, येते. दुसऱ्या रविवारी परत विचारलं. मग मी खोटंच म्हटलं, मधूनमधून जाते, काका. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. स्वयंपाक बापलेकीपुरता, दोघांचा व्हायचा आणि तिची वाटी फ्रिजमध्ये जायची. मला माझ्या घरच्यांची आठवण यायची ती वेगळी, पण त्या माणसाकडे बघून जे व्हायचं ते त्याहून वाईट होतं. माझे आईवडील लांब होते. त्यांची मुलगी पस्तीस मिनिटांवर होती.

आणि एक दिवस तिचा फोन आला, मला. रविवारी दुपारी बाबांना जेवायला घेऊन येशील का? ते हायवेवर ड्राइव्ह करत नाहीत. मी काकांना सांगितलं तर त्यांनी तीन वेळा विचारलं, मला बोलावलंय की तुला? रविवारी ते कोट घालून तयार. सकाळीच चालत जाऊन डेव्हनवरून चकल्या आणि श्रीखंड घेऊन आले होते. गाडीत श्रीखंडाचा डबा मांडीवर धरून बसले.

तिने दार उघडलं, डबा घेतला, दोघंही हसले. पास्ता केला होता, सॅलड होतं, चौघांच्या टेबलावर तिघांची पानं मांडलेली. आणि प्रत्येक ताटलीशेजारी तो काटा. पालथा मांडलेला, जसा तिला लहानपणी शिकवला होता तसा. म्हणजे तिने विकले नव्हते. पाठ वर होती, आणि पाठ कोरी होती.

मला कारागिरीतलं काय कळतं, पण उन्हात मलासुद्धा दिसलं. दांड्याच्या टोकाला चांदी लाटेसारखी झाली होती आणि दोन रेघांची कड एका ठिकाणी पुसट. यंत्रावर धरून उडवलं होतं कुणीतरी. तिने बसता बसता सांगितलं की मॉलमधल्या दागिन्यांच्या दुकानातल्या माणसाने एका दुपारीत करून दिलं. तो विचारत होता, इतकी छान डिझाइन का काढताय? पेटी बंद ठेवून तिला कंटाळा आला होता, म्हणाली. बाबाने अकरा वर्षं जमवलेले काटे, तिला त्याच काट्यांनी जेवायचं होतं. रोज. म्हणून काढायला सांगितलं होतं.

काकांनी काटा उचलला. अंगठा आपोआप त्या जागी गेला. मी बघत होते, ती बघत होती. दुसऱ्याच्या कामाला या माणसाने आयुष्यात कधी बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"चांगलं झालंय काम," काका म्हणाले.

ती म्हणाली, रिअली? ते म्हणाले, हो, हात चांगला आहे त्याचा. आणि त्यांनी त्या काट्याने पास्ता खाल्ला. चांदीने जेवताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. दोनदा वाढून घेतलं. ती नोकरीबद्दल बोलली, नवीन घराच्या हीटिंगबद्दल बोलली. काकांनी उठून रेडिएटर बघितला, खाली बसून कुठलासा स्क्रू आवळला. निघताना तिने त्यांना मिठी मारली. त्यांना हात कुठे ठेवावेत ते नेहमीप्रमाणे कळलं नाही, शेवटी एक तिच्या डोक्यावर ठेवला. नेक्स्ट संडे, म्हणाली ती.

मी आनंदात गाडी काढली. म्हटलं, बघा काका, झालं ना सगळं नीट? आणि काय छान बोललात. ते खिडकीतून बाहेर बघत होते. हायवे लागला. मग उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी केलं असतं, तर तिला काही लागलं नसतं. आता ती रोज जेवणार, आणि रोज बोटाला तो खळगा लागणार."

मी म्हटलं, तिला नाही कळणार, काका.

"माझी मुलगी आहे ती," ते म्हणाले. "घास घेण्याआधी तिनेही अंगठा फिरवला."